मोटारीचा डोल आणि मागचा दांडा



वळणावर मोटार झुकते हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. एस.टी.च्या गाडींत उभ्यानें प्रवास करणाऱ्यास तर हा नियम पुस्तक न उघडतां पाठ होतो. गाडी डावीकडे वळली कीं उतारू उजवीकडे कलंडतात, आणि उजवीकडे वळली कीं डावीकडे. माणसांप्रमाणेंच गाडीचें धडही आपल्या स्प्रिंगांवर वळणाच्या बाहेरच्या अंगास लवतें. हा डोल आवरण्यासाठीं पुष्कळशा मोटारींच्या पोटाखालीं एक वांकविलेला पोलादी दांडा आडवा बसविलेला असतो. इंग्रजी जाणणारे त्यास अँटी-रोल बार किंवा स्वे बार म्हणतात. आमच्या गॅरेजांतून त्याचें नांव स्टॅबिलायझर. आज मला बोलावयाचें आहे तें मागील चाकांमधल्या दांड्याविषयीं, आणि तोही कारखान्यानें दिलेल्या नव्हे, तर मालकानें हौसेनें बाजारांतून आणून चढविलेल्या दांड्याविषयीं.

एका निवृत्त शाळामास्तरानें, आणि तेंही मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या, असल्या विषयांत तोंड कां घालावें, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर इतकेंच कीं, या दांड्याचें बहुतेक सारें रहस्य सातवीच्या गणितांत मावतें. आणि ज्यांना तें गणित मीं शिकविलें तेच आज सुरगाण्याच्या रस्त्यांवर मोटारी हांकीत आहेत.

आमचा तालुका सह्याद्रीच्या डोंगरांतला. नाशिकला जावयाचें तर बोरगांव, वणी, दिंडोरी असा रस्ता धरावा लागतो. बोरगांवाहून उलट दिशेस वळलें कीं हातगड किल्ला मागें टाकून सापुतारा लागतो, आणि तेथून गुजराथेंतील वघईकडे घाट उतरतो. एक वळण संपतें न संपतें तोंच दुसरें उभें राहतें. पावसाळ्यांत धुकें इतकें दाट कीं समोरच्या गाडीचे दिवे हाताच्या अंतरावर आल्याखेरीज दिसत नाहींत, आणि रस्त्यावर डोंगराची लाल माती वाहून आलेली. हिवाळ्यांत ह्याच रस्त्याच्या कडेला आमच्या शेतकऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या विक्रीस मांडलेल्या दिसतात. असा हा रस्ता. आणि मोटारीचें वळणावरील वर्तन हा आमच्याकडे शौकाचा प्रश्न नसून रोजच्या व्यवहाराचा आहे.

माझ्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक जुनी मोटार घेतली. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी, मागचीं दोन्ही चाकें स्वतंत्र टांगलेलीं. हंगामांत तिच्यांत फळांच्या पेट्या जातात, एरवीं घरचीं माणसें. वळणावर तिचें तोंड बाहेर जातें, म्हणजे स्टिअरिंग जितकें फिरवावें तितकी ती वळत नाहीं, अशी त्याची तक्रार होती, आणि ती खरी होती. यंत्राचें सारें ओझें पुढें असलेल्या लहान मोटारींचा हा स्वभावच आहे; कारखानेही तो मुद्दाम ठेवतात, कारण घाबरलेल्या माणसास तोच सर्वांत कमी धोक्याचा असतो. पुतण्यानें त्यावर उपाय म्हणून मागचा एक जाड दांडा टपालानें मागविला. मूळचा १६ मिलिमीटर जाडीचा, हा २० मिलिमीटरचा. "काका, चारच मिलिमीटर जास्त आहे," तो म्हणाला. ह्या "चारच" शब्दाशींच मला आज भांडावयाचें आहे.

दांडा काम कसा करतो हें पाहण्यास मोटारीखालीं निजण्याची गरज नाहीं. एक जाड तार घ्या. तिचीं दोन्ही टोकें एकाच बाजूस काटकोनांत वळवा, म्हणजे तीन बाजूंची चौकट होईल. मधला भाग टेबलाच्या कडेशीं दोन बोटांखालीं सैलसर धरा. आतां दोन्ही टोकें एकदम उचला. तार निमूटपणें फिरते, कांहींच कुरकुर करीत नाहीं. मग एकच टोक उचला आणि दुसरें खालीं दाबून ठेवा. मधला भाग पिळला जातो आणि तार बोटांस विरोध करूं लागते. मोटारींत हा मधला भाग रबराच्या बुशांतून गाडीच्या सांगाड्यास धरलेला असतो, आणि टोकें लहान दुव्यांनीं, ज्यांस लिंक म्हणतात, चाकांच्या आर्मांस जोडलेलीं असतात. गतिरोधकावरून दोन्ही चाकें एकदम वर गेलीं तर दांडा स्वस्थ बसतो. वळणावर बाहेरचें चाक वर दबतें व आंतलें खालीं उतरतें. तेव्हां दांडा पिळला जातो आणि तो पीळच डोलास अटकाव करतो. परंतु एकच चाक खड्ड्यांत पडलें तरीही तो पिळला जातो, आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्यास देतो. आमच्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

कॅनडांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन ह्या गृहस्थास २२ एप्रिल १९१९ रोजीं अशा दांड्याचें पेटंट मिळालें. तथापि त्या काळच्या मोटारींच्या स्प्रिंगाच इतक्या कठीण असत कीं दांड्याची फारशी निकड भासली नाहीं. तो सर्रास दिसूं लागला तो १९५० नंतर. पिळाचें गणित मात्र त्याहून पुष्कळ जुनें आहे. कूलाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८४ सालीं तारांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तारेचा पिळास होणारा विरोध तिच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. चौथा घात, श्रोतेहो. दुप्पट जाडीला दुप्पट नव्हे, सोळापट!

आतां पाटी घ्या. १६ चा चौथा घात ६५,५३६. २० चा चौथा घात १,६०,०००. भागाकार केला तर जवळजवळ २.४४ येतो. म्हणजे पुतण्याच्या "चारच" मिलिमीटरांनीं दांडा अडीचपटीच्या आसपास कठीण झाला. १८ मिलिमीटरचा घेतला असता तर १.६ पट झाला असता. पुढें आणखी एक गोम आहे. बाजारच्या दांड्याच्या हातांना लिंक जोडण्यासाठीं दोन भोंकें असतात. लांबचें भोंक घेतलें तर हाताची लांबी, समजा, २५० मिलिमीटर, मूळच्या दांड्याइतकीच. जवळचें घेतलें तर २२५. हात आंखूड झाला कीं चाकाशीं लागणारा जोर लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणांत वाढतो. २५० चा वर्ग ६२,५०० आणि २२५ चा ५०,६२५, भागाकार १.२३. दोहोंचा गुणाकार केला कीं दांडा मूळच्या तिप्पट कठीण. जाहिरातींत ह्यांतला एकही आंकडा नव्हता. "रस्त्यास चिकटून राहा" एवढेंच होतें. गाडीच्या डोलास दांड्याबरोबर स्प्रिंगाही आवरतात, म्हणून मागची एकूण ताठरता तिप्पट होत नाहीं हें खरें. पण जी वाढते ती वाहणाऱ्यास जाणवल्यावांचून राहत नाहीं.

पोकळ दांड्यांचाही एक प्रकार मिळतो, आणि तो मला हुशारीचा वाटतो. बाहेरून २२ मिलिमीटर व आंतून १६ मिलिमीटर पोकळ असा नळीचा दांडा, त्याच जाडीच्या भरीव दांड्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा असूनही, त्याच्या ७२ टक्के कठीण असतो; पिळाचा भार पोलादाच्या बाह्य कडेवरच अधिक पडतो म्हणून. बांबू पोकळ असूनही कां टिकतो हें आमच्याकडे पोरासही ठाऊक असतें.

येथपर्यंत सर्व ठीक. दांडा जाड केला, डोल कमी झाला, गाडी ताठ वळूं लागली. मग भांडण कशाचें? भांडण असें कीं, दांडा रस्त्यावरची पकड नवी निर्माण करीत नाहीं. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर. वळणावर आडवा जोर वजनाच्या चार-दशांशाइतका आला, तर सुमारें १४३ किलोग्रॅम भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आंकडा वजन, उंची, रुंदी व वळणाचा जोर एवढ्यांवर ठरतो. दांडा कितीही जाड बसविला तरी तो जवळजवळ तेवढाच राहतो. दांडा बदलतो ती वांटणी: १४३ पैकीं पुढच्या जोडीनें किती सोसावयाचे आणि मागच्या जोडीनें किती. मागचा दांडा जाड केला कीं मागच्या जोडीवर जास्त भार इकडून तिकडे जातो. आणि टायराचा धर्म गड्यासारखा आहे. ओझें दुप्पट दिलें म्हणून काम दुप्पट होत नाहीं. बाहेरच्या टायरावर लादलेल्या भारानें जेवढी पकड वाढते त्याहून आंतल्या टायराची अधिक कमी होते. म्हणून मागच्या जोडीची एकूण पकड घटते, पुढच्या जोडीस तेवढी सवड मिळते, आणि गाडीचें तोंड सुखानें वळूं लागतें. वाहणाऱ्यास वाटतें, गाडी सुधारली. वस्तुतः मागच्याचें काढून पुढच्यास दिलेलें असतें.

देणें थोडें असेल तर हा व्यवहार उत्तम आहे, हेंही मला सांगितलें पाहिजे. पुतण्याच्या गाडीस त्याची गरज होतीच. परंतु हात आंखडला नाहीं तर मागच्या चाकांची पकड पुढच्या चाकांच्या आधीं सुटते. तोंड बाहेर गेलें तर माणूस स्वाभाविकपणें पाय उचलतो, गाडी मंदावते, आणि बहुधा वळण साधतें. मागची बाजू फेकली गेली तरीही माणूस तोच पाय तसाच उचलतो. पण तेव्हां भार पुढें जातो, मागचीं चाकें आणखी हलकीं होतात आणि गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. वघईकडील उतार, ओला रस्ता, ब्रेकवर पाय, आणि मागें तिप्पट कठीण दांडा; एवढ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होईल तें सांगावयास मास्तर नको. नव्या मोटारींतून घसरण सांवरणारी विजेची योजना असते हें मी जाणतों. पण जुन्या गाड्यांत ती नाहीं, आणि नव्यांतही ती कारखान्याच्या मूळ दांड्यास धरून बसविलेली असते.

दांडा बसविण्याचें काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजांत झालें. मी खुर्ची टाकून बसलों होतों. तो मला खालून "गुरुजी, बघा" म्हणून एकेक वस्तू दाखवीत होता. मुलगा वर्गांत मागच्या बांकावर बसे, पण हातानें नीट काम करणारा. आदल्या रात्रींच त्यानें जुन्या नटांवर गंज सोडविणारें तेल मारून ठेवलें होतें. सकाळीं सपाट फरशीवर गाडी घेऊन पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी दिल्या, मागची बाजू जॅकनें उचलली आणि लगेच दोन्ही बाजूंस भक्कम स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं डोकें घालणारांचीं नांवें पुढें घरच्यांनाच घ्यावीं लागतात. दोन्ही चाकें सारखींच लोंबतीं ठेवलीं, हें महत्त्वाचें; एक वर आणि एक खालीं असेल तर जुना दांडा पिळलेला राहतो आणि शेवटचा बोल्ट निघतांच फटका मारतो.

जुने बुश दाबून पाहिले तर रबर विटलेलें. नव्या दांड्याबरोबर कठीण पॉलियुरेथेनचे बुश आले होते. त्यांना सिलिकोनचें ग्रीस लागतें. साधें पेट्रोलियमचें ग्रीस रबरी बुशांना तर मुळींच लावूं नये, रबर फुगून सडतें. दांडा आंत सरकविल्यावर सगळे बोल्ट हातानेंच फिरवून ठेवले. मग पाहणी: ब्रेकची रबरी नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची तार, धुराचा नळ, चाक पूर्ण वर दाबलें तरी व पूर्ण खालीं सोडलें तरी ह्यांपैकीं कशासही दांडा घासतां कामा नये. धुराच्या नळाशीं बोटभर जागाही उरत नव्हती. नळाची टांगणी बदलल्याखेरीज विद्यार्थी पुढें जाईना, आणि पुतण्या "चालतंय" म्हणत राहिला. माझें मत विद्यार्थ्याच्या बाजूनें पडलें. दांडा जाड झाला कीं त्यास धरणाऱ्या पट्ट्यांवर व त्यांमागच्या पत्र्यावरही ताण वाढतो. तेथें भेग किंवा गंज असेल तर दांडा बाजूस ठेवून आधीं पत्र्याचें काम करावें.

शेवटचें आवळणें गाडी चाकांवर उभी करून, तिचें वजन तिच्यावर घेऊन करावयाचें असतें, आणि तेंही अंदाजानें नव्हे, तर टॉर्क रेंचनें, कारखान्याच्या कागदावरील आंकडा पाहून. लिंक जोडतांना पुतण्यास चालकाच्या जागीं बसविलें. एका बाजूची लिंक जोडली. दुसरीची लांबी तिच्या पेंचानें अशी जुळविली कीं बोल्ट बोटानें आंत गेला. हातोडीनें ठोकून घालावा लागला असता तर दांडा सरळ रस्त्यावरही पिळलेला राहिला असता, आणि गाडी डावीकडे एक व उजवीकडे दुसरेंच वागली असती.

ज्या मोटारींचीं मागचीं चाकें एका पिळणाऱ्या तुळईनें जोडलेलीं असतात, त्यांस लिंक नसते. तेथें जादा दांडा तुळईच्या दोन हातांमध्यें थेट बोल्टांनीं आवळतात. लहान गाड्यांत हाच प्रकार अधिक. बसविण्यास तो सोपा, पण कमी-जास्त करण्यास बहुधा भोंकें नाहींत; म्हणून निवड आधींच सौम्य करावी. कोणी असेंही सुचवितो कीं, मागें नवा घालण्याऐवजीं पुढचा काढून टाकला तर तोच गुण येतो आणि पैसेही वांचतात. १९८३ सालीं निघालेल्या आणि कोट्यवधींच्या ओळखीच्या मारुति ८०० मध्यें पुढचा दांडा डोल तर आवरतोच, शिवाय चाकाच्या खालच्या आर्मास पुढेंमागें सरकूं देत नाहीं. तो काढला तर चाकच जागेवर राहणार नाहीं.

आतां जुळवणी. आधीं शॉकअप गळत नाहींत ना, आणि चारी टायर सारखे आहेत ना, हें पाहावें. हवा दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत लिहिल्याप्रमाणें भरावी. मागें गुळगुळीत टायर आणि वर जाड दांडा हा संगम कोणी करूं नये. मग लांबचें, म्हणजे सौम्य भोंक. गांवाबाहेरील मोकळ्या मैदानावर, खोखोचें मैदान आखतों तशी फक्की टाकून, आम्हीं १५ मीटर त्रिज्येचें वर्तुळ काढलें. गाडींत एकटा चालक, मैदानावर दुसरें कोणी नाहीं. ताशीं २०, २५, २८, असा वेग चढवीत तो फिरला. प्रत्येक वेगास स्टिअरिंग किती वळवावें लागतें तें फिरून आल्यावर वहींत लिहिलें. आधीं डावीकडून, मग उजवीकडून. वेग वाढला कीं स्टिअरिंग अधिक वळवावें लागत असेल तर तोंड बाहेर जात आहे. तें उलट सोडावें लागूं लागलें तर मागची बाजू निसटते आहे, आणि तेथेंच थांबावें. जुन्या दांड्याचे आंकडे आदल्या आठवड्यांत लिहिलेले होतेच. सौम्य भोंकावर स्टिअरिंग पूर्वींपेक्षां कमी वळवावें लागलें, तरी वेगाबरोबर किंचित् वाढत राहिलें. हवें होतें तें हेंच.

पुतण्याच्या आग्रहास्तव जवळचें भोंकही लावून पाहिलें. कोरड्या जमिनीवर गाडी सुरेख फिरली आणि त्याचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशीं सर पडून गेल्यावर त्याच वर्तुळावर, २८ चा वेग येण्यापूर्वींच, मागचीं चाकें फक्कीच्या बाहेर गेलीं. गाडी मैदानावरच होती, म्हणून चिखलाखेरीज कांहीं लागलें नाहीं. तो उतरला, आणि न बोलतां पाना घेऊन स्वतःच लांबच्या भोंकाकडे वळला.

कायद्याविषयीं दोन शब्द. मोटार वाहन अधिनियम, १९८८, ह्याचें कलम ५२ नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें त्यावर कडक निर्णय दिला आहे. नोंदणीपत्रांत दांड्याचें नांव नसतें म्हणून तो बसविण्यास मोकळीक आहे, असा अर्थ दुकानदार काढतात. मला तो घाईचा वाटतो. परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस एक पत्र लिहून विचारणें ह्यांत फारसें जात नाहीं.

आमच्याकडच्या जीपवाल्यांनींही मला विचारलें कीं, असा दांडा बसवून माणसें जास्त घेतां येतील काय. मघाचा १४३ चा हिशेब पुन्हां पाहावा. टपावर चार माणसें व पोतीं चढविलीं कीं वजन वाढतें आणि गुरुत्वमध्यही वर जातो. दोन्ही आंकडे वरच्या बाजूचे, गुणाकाराचे. दांडा डोल झांकील, म्हणजे धोक्याची जी खूण चालकास कळावयाची तीच नाहींशी करील; उलटण्याचें गणित तसेंच राहील.

शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हां तपासले. दोन थोडे ढिले निघाले. खडबडीत रस्त्यावर मागून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला तर आधीं लिंकचा सांधा पाहावा, मग बुश. दर पावसाळ्यापूर्वीं बुश उघडून ग्रीस घालण्याचें काम विद्यार्थ्यानें आपल्याकडे घेतलें आहे. जवळचें भोंक रिकामेंच आहे. त्यांत पाणी शिरून गंज चढूं नये म्हणून तेंही त्यानें ग्रीसनें भरून ठेवलें आहे.